उपचार : नाही

चंद्रकला आत्यावर अन्याय झाला तो पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊला, तिच्याच गोठ्यात. करणारी मी, तिची सख्खी भाची. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी सभ्यपणे विषय बदलायला नको.

निलंग्याकडचं आमचं गाव मी दहावीच्या निकालानंतर सोडलं. लातूरची एसटी, पत्र्याची पेटी, पेटीवर मी. भूकंपात जुनं गाव पडलं, त्यानंतरच्या वसाहतीत सगळी घरं एकसारखी. आत्याचं घर ओळखू यायचं ते दारातल्या देवणी गाईंवरून. त्या रात्री माणसं छताखाली होती, तिची गाय बाहेर बांधलेली होती. वाचली. तिचाच हा वंश. गाडी सुटताना आत्या खिडकीशी आली. "शीक बाई, लई शीक. पर आमाला येडं समजू नको."

लातूरला ते येडं समजायचं काम पहिल्याच वर्षी उरकलं.

डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासमध्ये सर गाईच्या पचनावर बोलत होते. मी हात वर करून सांगितलं, आमच्याकडं रवंथ बंद पडलेल्या गुराला चांगल्या गाईच्या तोंडातला घास काढून भरवतात, गूर उठतं. सर म्हणाले, "ओएमआर शीट तुमच्या आत्याला ओळखत नाही." अख्खा हॉल हसला. मीही हसले, हे विसरत नाही. त्या दिवसापासून नियम पाठ झाला: पुस्तकात नाही ते लिहायचं नाही.

डॉक्टरकी हुकली. बीएस्सी करून हैदराबादेत एका प्रयोगशाळेत लागले. माळावरची काळवीटं आणि त्याच माळावर चरणारी गुरं, यांच्या पोटात कोणते सूक्ष्मजीव राहतात ते शेणालेंड्यांतून शोधायचं. भाषा येते म्हणून नमुने आणायला गावोगाव आम्हा, माझ्यासारख्या तिथंच लागलेल्या लातूरच्या क्लासवाल्यांनाच धाडलं. खांद्याला बर्फाचा डबा अडकवून मी आत्याच्या गोठ्यात उभी राहिले.

तिच्या कालवडीनं चार दिवस चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. मी शेण घेतलं. मग आत्यानं रवंथ करणाऱ्या थोरल्या गाईच्या जबड्यात हात घातला, हिरवा लगदा काढला, गुळाचा खडा लावून कालवडीच्या घशाशी सारला. कोपरापर्यंत लाळ.

"लिव्हलंस का गं? थोरलीचं उष्टं दिलं म्हून लिव्ह. उष्टं खाल्ल्याबिगर कोन जगलंय?"

फॉर्मवर रकाना होता: जनावराला दिलेला उपचार. मला हैदराबादची एसी खोली दिसली, हसणारी तोंडं दिसली. मी लिहिलं: नाही.

कालवड तिसऱ्या दिवशी चरायला गेली. पुन्हा घेतलेल्या नमुन्यात गायब झालेले सूक्ष्मजीव परतलेले. लेख छापून आला. त्यात निष्कर्ष काय, तर या माळावरची गुरं काळविटांसारखी माणसाच्या मदतीशिवाय आपोआप सावरतात. आभारात माझं नाव. पुढं कळलं, जनावरांचे डॉक्टर हेच करतात, निरोगी गाईच्या पोटातलं पाणी नळीनं आजारी गाईला. नळीनं केलं की उपचार. हातानं केलं की नाही.

गेल्या उन्हाळ्यात आत्यानं विचारलं, "माजी कालवड छापून आली म्हनं. वाच की." मी मराठीत सांगत गेले. 'आपोआप'शी तिनं थांबवलं.

"आपोआप? मंग माजा हात काय आपोआप बरबटला व्हता?"

हसली नाही. चहा दिला. आता गेले की चहाच मिळतो. गुरांचं काही सांगत नाही. माझं घर आता तेवढंच उरलंय, कपभर.

मी प्रयोगशाळेच्या साहेबांना लिहिलं, फॉर्म चुकीचा आहे, चूक माझी. उत्तर आलं: एका फॉर्मनं निष्कर्ष बदलत नाही, बाकी कुणाची तक्रार नाही.

बाकी म्हणजे तुम्ही. उदगीर, जळकोट, शिरूर अनंतपाळ, कंधारला डबे घेऊन गेलेले, त्याच हॉलमध्ये माझ्यासोबत हसलेले. तुमच्याही समोर कुणीतरी गुराच्या तोंडात हात घातला होता. तुम्हीही 'नाही' लिहिलंत, मला ठाऊक आहे.

तुमचे फॉर्म काढा. त्या माणसाचं नाव लिहा, त्यानं काय केलं ते लिहा, खाली स्वतःची सही करा आणि या आठवड्यात साहेबांना पाठवा. आत्या अजून जिवंत आहे.