इंग्रजीत नापास झालेली बाई

वाचता वाचता ती पुस्तक पालथे आपटायची आणि विचारायची, "कायले?"

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील. आम्ही दोघी गोंदियाच्या मुलींच्या शाळेत मास्तरणी होतो आणि जवळच फुलचूरला एका खोलीत राहायचो. ती केशोरीकडची, पोवारांची लेक. शाळेत नोकरीला यायच्या आधी दरसाल धानाच्या रोवण्याला चिखलात उभी राहिलेली.

दोघींनी घरी अभ्यास करून इंटरला बसायचे ठरवले. इंग्रजीला एक नाटक, काही निबंध, काही कविता. मी नागपूरहून छापील नोट्स मागवल्या आणि पाठ करू लागले. तिने त्यांना हातही लावला नाही.

नाटकातला नवरा बायकोवर खोटा आळ घेतो आणि शेवटी बायकोच त्याच्या पाया पडते. नोट्स म्हणत होत्या, आदर्श पत्नी. ती उसळली, "आळ त्यानं घेतला, माफी इनं कायले मागावं?"

"परीक्षेत हे विचारत नाहीत," मी म्हटले.

"मंग काय विचारतेत? रट्टा मारला का नाही, इतकंच?"

परीक्षेत प्रश्न आला : शेतात राबणाऱ्यांचे सुख कवीने कसे रंगवले आहे? मी नोट्समधली दोन पाने उतरवून काढली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मी लिवलं, हा कवी धुऱ्यावर उभा राहून पाहून राहिला. बांधीत, चिखलात उतरला असता तं कंबर मोडली असती त्याची."

निकाल लागला. मी पास झाले. ती इंग्रजीत नापास.

महिन्याभराने तपासणीचे साहेब आले. वर्गातल्या मुलींसमोर, माझ्यादेखत तिला म्हणाले, "बाईजी, फेल होनेवाले अंग्रेजी पढाएंगे?"

"पास झाली तिले विचारा, त्या कवितेत काय हाये ते."

सगळे माझ्याकडे वळले. मी काय केले असेल? उभी राहिले आणि नोट्स घडाघडा म्हणून दाखवल्या. साहेब म्हणाले, "शाबास!" त्या माणसाचा मला आजही संताप येतो. माझा त्याहून जास्त येतो. तिचा इंग्रजीचा वर्ग मला मिळाला आणि मी तो घेतला.

तिने त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला. दुसऱ्या सकाळी ती गावी निघाली, तेव्हा चांद्याच्या गाडीवर मी तिला गाठले. ती खिडकीशी बसली होती.

"तुले खरं वाटत होतं का, जे तू म्हटलं ते?"

"नाही."

"साहेबाले काही समजत नव्हतं. तुले समजत होतं. म्हणून तुझाच राग येऊन राहिला मले."

केशोरीला तिने भावाच्या ओसरीवर पोरींना शिकवायला सुरुवात केली, असे कानावर आले. मी दोन पत्रे टाकली. उत्तर आले नाही. पुढच्या पावसाळ्यात ती तापाने गेली.

त्या सकाळी गाडी हलली तेव्हा मी हात वर केला होता. तिने खिडकीची झडप खाली ओढली.