अक्षरं संपेपर्यंत अंधार

हे मी माझ्या बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं माहीत आहे असं ती चारचौघांत म्हणते, आणि मी तिला खुशाल म्हणू देतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. मागं एका मित्रापाशी सुरुवात केली होती — घसा खाकरला, चहा सांगितला, आणि ऐन वेळी शेपूट घातलं. गोष्ट वळवून भलतीकडंच नेली. तेव्हा आजही मी सरळ मुद्द्यावर येईन याची खात्री देत नाही. आधी थोडं इकडचं तिकडचं बोलू द्या.

ऐंशीच्या आगेमागे आम्ही कोल्हापुरात कॉलेजला होतो — मी आणि इकबाल. माझे वडील हायस्कुलात मास्तर. इकबालचे वडील, उस्मानचाचा, एका टॉकीजमध्ये ऑपरेटर. म्हणजे वरच्या केबिनमध्ये उभं राहून मशीनवर पिक्चर चालवणारे. त्या टॉकीजला मॅटिनीला इंग्रजी पिक्चर लागायचे आणि तीनला मराठी. अंतराळाचा पिक्चर आला की आम्हा दोघांना वेड लागायचं. चाचांमुळं आत शिरायला कोणी अडवायचं नाही, म्हणून एकच पिक्चर आठवडाभर रोज बघायचा आणि संध्याकाळी रंकाळ्यावर बसून भांडायचं.

भांडायचं कशावरून? — म्युझिकवरून. हसा तुम्ही, हसा. पण तो शंभरेक वाजवणाऱ्यांचा ताफा एकदम सुरू झाला की काय व्हायचं ते तुम्हाला कसं सांगू? इंग्रजी आम्हाला अर्धंमुर्धंच कळायचं. यानात बसून ती माणसं काय पुटपुटतात ते तर अजिबात नाही. त्यामुळं सगळा पिक्चर आम्ही कानानं समजून घ्यायचो. पितळी वाद्यं गरजली की नायक आला, खालच्या पट्टीत चेलो — ती माणसाएवढी मोठी व्हायोलिनं — घासायला लागले की शत्रू आला. इकबालचं म्हणणं, ही व्हायोलिनं काढून घेतली तर ते यान म्हणजे दोरीला टांगलेला पत्र्याचा डबा. माझं म्हणणं, अंतराळात हवाच नाही तर आवाज कुठला? शांतता ठेवायची, माणूस जास्त घाबरतो.

खरं सांगू? मलाही ते म्युझिक आवडायचं. अंगावर काटा यायचा. पण इकबालचं पटलं असं म्हणणं माझ्या जिवावर यायचं. त्याचा कान माझ्यापेक्षा तयार होता हे मला मनातून ठाऊक होतं, आणि तेच सलत होतं. मास्तरांचा मुलगा ना मी! मी कुणाचं ऐकून घ्यायचं म्हणजे काय?

तर असाच एक अंतराळातल्या लढाईचा पिक्चर आला. नायकाची एक धून, शत्रूची एक धून. शेवटी शत्रू मरतो, नायकाची धून दणक्यात वाजते, आणि पडद्यावर नावांची अक्षरं वर सरकायला लागतात. आमच्या गावात पिक्चर तिथंच संपायचा. अक्षरं सुरू झाली की चाचा मशीनचं शटर पाडायचे, हॉलचे दिवे लावायचे, डोअरकीपर दारं उघडायचे. मॅनेजरचा हुकूमच होता तसा. तीनच्या शोची बायकापोरं बाहेर उन्हात ताटकळत असायची, आणि ती इंग्रजी नावं वाचणार कोण?

पण इकबालचा पुण्याचा मावसभाऊ सांगून गेला होता की तिकडं अक्षरं शेवटपर्यंत चालवतात, आणि म्युझिक पुढं किती तरी वेळ वाजत राहतं. झालं! इकबालनं छातीठोक सांगितलं, "शत्रूची धून परत येणार बघ. अगदी शेवटी, हळू. तो मेला तरी लढाई संपलेली न्हाय." मी म्हणालो, छट्! एवढ्या थाटात सुरू केलेलं म्युझिक कोणी असं रडकं संपवतं का? आठवडाभर हेच चाललं. बोलाचाली तुटायची वेळ आली. गुरुवारी पिक्चर उतरणार होता, म्हणजे गुरुवारची मॅटिनी शेवटची. आदल्या दिवशी जेवताना इकबालनं बापाच्या हातापाया पडून बघितलं — एकदाच, अब्बा, एकदाच शेवटपर्यंत चालवा. चाचांनी साफ नाही म्हणून सांगितलं. साहेबाच्या परवानगीशिवाय आपण मशीनला बोट लावत न्हाय, म्हणाले. गुरुवारी सकाळी इकबाल तोंड पाडून हे मला सांगत होता.

आता येतो मुद्द्यावर. येतोच आहे —

त्या गुरुवारी इंटर्वलला मी इकबालला "आलोच" म्हणालो आणि केबिनचा जिना चढलो. आत भट्टीसारखं गरम. चाचा बनियनवर, मान पुसत उभे. मी म्हणालो, "चाचा, मॅनेजरसाहेब भेटले. आज शेवटचा दिवस, तर अक्षरं शेवटपर्यंत चालवा म्हणाले." चाचांनी माझ्याकडं बघितलं. "खरंच बोललं साहेब?" मी म्हणालो, "व्हय चाचा." आणि दिवे? — त्यांनी विचारलं. दिवे लागले तर लोक गलका करतील, म्युझिक ऐकू येणार नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हाच आलं. मी म्हणालो, "दिवेपण नकोत. अक्षरं संपेपर्यंत अंधारच ठेवा."

मॅनेजर मला त्या दिवशी दिसलेसुद्धा नव्हते.

चाचांनी विश्वास का ठेवला असं तुम्ही विचाराल. का नाही ठेवणार? मॅनेजरची मुलगी माझ्या वडिलांकडं गणिताला यायची, साहेब येता-जाता माझ्याशी दोन शब्द बोलायचे. आणि मास्तरांचा पोरगा खोटं कशाला बोलेल? खाली येऊन मी इकबालशेजारी बसलो, त्याला चकार शब्द सांगितला नाही. त्याला वाटू दे, बापाला पाझर फुटला. मला फक्त त्याचं हरलेलं तोंड बघायचं होतं. एवढ्यासाठी! एवढ्याशा गोष्टीसाठी!

शत्रू मेला. नायकाची धून वाजली. अक्षरं वर सरकायला लागली आणि दिवे लागले नाहीत. इकबालनं माझा हात घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले. आधी थोड्या शिट्ट्या आल्या. मग आरडाओरडा — "ए ऑपरेटर, झोपलास काय? दिवे लाव की!" लोक उठले, अंधारातच चाचपडत निघाले. दारं बंद, डोअरकीपर बाहेर दिव्यांची वाट बघत उभे. बाल्कनीतली माणसं जिन्याकडं लोटली. आणि त्या सगळ्या गोंधळात, अगदी शेवटी, हळू, ती धून आली. चेलोवर. इकबालचं खरं निघालं. त्याच वेळी मागं जिन्यावर काहीतरी धडधडत खाली गेलं आणि एक माणूस गुरासारखा ओरडला.

गडमुडशिंगीचे एक वयस्क गृहस्थ होते, भावकीतल्या कुणाबरोबर गंमत म्हणून आलेले. जिन्यावरून गडगडत खाली आले, मांडीचं हाड मोडलं. दिवे लागले तेव्हा ते भिंतीला टेकून पडले होते आणि पाय भलत्याच बाजूला वळलेला होता. त्यांचं पुढं काय झालं, नीट चालता आलं का, हे मी कधी चौकशी करूनही बघितलं नाही. हीदेखील कबुलीच समजा.

मॅनेजर धावत आले. ऑफिसात चाचांना उभं केलं. चाचा शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचीच परवानगी हाय म्हणून सुधाकरनं सांगितलं." सुधाकर म्हणजे मी. दाराबाहेरच उभा होतो, मला आत बोलावलं. "मास्तरांचा पोरगा हायस तू. खरं सांग, तू सांगितलास ह्यांना?"

मला विचार करायला भरपूर वेळ होता, बरं का. कोणी माझ्यावर हात उगारला नव्हता. मी फार तर वडिलांच्या शिव्या खाल्ल्या असत्या. मी म्हणालो, "नाही साहेब."

चाचांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. ते चिडले नव्हते. आपल्या ऐकण्यात चूक झाली की काय, असा चेहरा होता त्यांचा. आणि एवढ्यात दारातून इकबाल आत घुसला, रडत. "साहेब, मीच अब्बांच्या मागं लागलतो. काल रात्री. माझ्यासाठी केलं त्यांनी. माझी चूक हाय." मॅनेजरांना सगळं कळलं — म्हणजे कळलं असं वाटलं. बापानं पोराचा हट्ट पुरवला आणि आता पोराला वाचवायला दुसऱ्याच्या पोरावर ढकलतो आहे. "उस्मान, तू असला माणूस असशील असं वाटलं नव्हतं," एवढंच ते म्हणाले. चाचा खूप वेळ इकबालकडं बघत होते. मग त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्या माणसानं कित्येक वर्षं ती मशीन चालवली होती.

त्या खोलीत माझ्या शब्दाला वजन होतं. ते माझं नव्हतंच, वडिलांच्या नावाचं होतं, घराण्याचं होतं, मी कुणाचा कोण होतो त्याचं होतं. हे मला तेव्हाही समजत होतं. समजत होतं म्हणूनच तर मी खोटं बोलायला धजलो.

सगळ्यात वाईट हे नाही. सगळ्यात वाईट पुढं आहे. संध्याकाळी इकबाल आमच्या घरी आला. मला वाटलं, आता कळलं ह्याला, आता हा माझी गचांडी धरणार. तो दारातच उभा राहिला, मान खाली घालून. म्हणाला, "सुध्या, अब्बांनी तुझं नाव घेतलं रे. मला वाचवायला घेतलं. मनात ठेवू नको. माफ कर आम्हाला."

आणि मी काय केलं माहीत आहे? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "जाऊ दे रे, बाप आहेत शेवटी."

मोठ्या मनानं माफ केलं मी त्यांना!

पुढं चाचांना शहरात कोणी टॉकीजवर घेतलं नाही. बोभाटा झाला होता. ते तंबूतल्या टॉकीजबरोबर जत्रा-जत्रांतून फिरू लागले — आज कोडोली, उद्या आणखी कुठं. पावसाळ्यात तंबू उठले की घरी बसून राहायचे. धुळीनं आणि थंडीनं छाती धरली. इकबालनं कॉलेज सोडलं आणि उद्यमनगरात फौंड्रीत लागला. पिक्चर बघणं त्यानं टाकलं. मी एकदा त्याला एका नव्या पिक्चरच्या म्युझिकबद्दल विचारलं तर म्हणाला, "त्या नादापायी बापाची रोटी गेली, आता कशाला?" आमची दोस्ती मात्र टिकली. उलट वाढली. तो मला आपला देणेकरी समजत नव्हता, धनको समजत होता. आणि मी समजू दिलं.

चाचांनी खरं काय ते घरी सांगितलं होतं. पण इकबालचा विश्वास बसला नाही. त्याला वाटायचं, आपल्या मनाला लागू नये म्हणून बाप अजून तेच खोटं धरून बसलेत. चाचांनी एकदा — फक्त एकदाच — मला गाठलं. त्यांची छाती भाता चालल्यासारखी वाजत होती. म्हणाले, "नोकरीचं मला काय न्हाय, बाळ. साहेबाचंबी काय न्हाय. पण माझं पोरगं मला खोटारडा समजतंय. तेवढं तू त्याला सांग." मी म्हणालो, "सांगतो चाचा." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात सांगू म्हटलं, मग ईद झाल्यावर सांगू म्हटलं, मग इकबालचं लग्न ठरलं, त्यात कशाला म्हटलं. कारणं मिळत गेली. मला कोणी अडवलं नव्हतं हो. चाचा मला रस्त्यात भेटायचे तेव्हा आधी माझ्या तोंडाकडं बघायचे, आणि मग काही न विचारता पुढं जायचे. पुढं पुढं त्यांनी बघायचंही सोडलं. त्या छातीच्या दुखण्यातच ते गेले. कब्रस्तानात मीही माती दिली, सगळ्यांबरोबर रांगेत उभा राहून.

इकबालला एक मुलगी आहे, बोलकी. मी त्यांच्या घरी जातो, चहा होतो. परवा ती शाळेतनं काहीतरी खोटं बोलून आली म्हणून इकबाल तिला समजावत होता. म्हणाला, "तुझे दादा, माझे अब्बा, जन्मात कधी खोटं बोलले न्हाईत. एकदाच बोलले, ते माझ्यासाठी. ह्या सुधाकाकाचं नाव घेतलं बिचाऱ्याचं. विचार ह्याला."

पोरगी माझ्याकडं वळली. "खरं व्हय काका? दादा खोटं बोलले?"

मी म्हणालो, "व्हय."