ठकुबाईच्या बोटाखालची गुरगुर

"दुखत न्हाई त्या पायाला सुरी लावून घिऊ? याड लागलंय का मला?"

"दुखायला लागल्यावर काय उपेग? डाक्टरांनी तेच तर सांगितलं तुमास्नी."

"तुला काय कळलं त्यातलं?"

"तुमाला तरी काय कळलं?"

सावळारामनं भाकरीची ताटली बाजूला सारली. कामथडीचा हा पाटकरी. पाटाचं पाणी कुणाच्या वावरात किती वेळ जायचं, हे त्याच्या शब्दावर चालायचं. दुष्काळाच्या साली त्याचा उजवा पाय आखडला. शंभर पावलं टाकली की पोटरी आवळून यायची, मग अंगठा काळा पडू लागला. मांडीतली रक्ताची वाट बुजली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याच्याच पायातली एक शीर काढून बुजलेल्या जागेला वळसा घालून जोडली. घरी धाडताना त्याच्या बायकोचं, ठकुबाईचं, बोट धरून त्याच्या गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला टेकवलं आणि बजावलं, इथं रोज ठोका लागला पाहिजे.

तेव्हापासून चूल पेटवायच्या आधी ठकुबाई नवऱ्याच्या पायाशी बसायची, डोळे मिटून. लगीन झालं तेव्हा एवढी जवळ बसली नव्हतीस, म्हणून तो चिडवायचा. ती हुं का चूं करायची नाही. ठोका चुकेल म्हणून.

दिवाळीनंतर एका सकाळी ठोक्याबरोबर बोटाला काहीतरी वेगळंच लागलं. मांजराच्या अंगावर हात ठेवावा तशी गुरगुर. ठकुबाई हरखली. शिरेत जोर आला, असंच तिला वाटलं. आता कशाला पुण्याला खेपा, रक्त कसं खळाळतंय बघा, असं तीच त्याला म्हणाली. तपासणीच्या दोन तारखा हुकल्या.

काल एकदाची दोघं गेली. डॉक्टरांनी कानाला नळी लावून मांडी ऐकली, मग मांडीचा फोटो काढून आणायला लावला. शीर एका जागी आतून जाड होऊन अरुंद झाली आहे, म्हणाले. रक्त त्या फटीतून जोरानं घुसतं, त्याचीच ही गुरगुर. वाहतंय तोवर ती जागा उघडून शिरेच्याच तुकड्याचं ठिगळ लावता येईल. एकदा बंद पडली, तर पाय राहीलच असं नाही. येत्या बेस्तरवारी भरती व्हायला सांगितलं.

ठकुबाईला त्यातलं अर्धंच उमगलं, आणि उमगलेलंही सारखं उलटं पडत होतं. ठोका लागतो ते चांगलं. मग जोरात लागतो ते वाईट कसं? पाय उचलवत नव्हता तेव्हा कापला, ते पटलं. काल हाच माणूस कापूरहोळला एस्टीतून उतरून घरापर्यंत तंगड्या तोडत आला, आणि आताच कापायची घाई?

"तूच म्हनलीस ना, जोर आलाय?" सावळाराम म्हणाला.

तिनं त्यानं सारलेली ताटली उचलली. बिडी सोडून दोन वर्षं झाली तरी त्याचा हात बंडीच्या खिशाकडे गेला, रिकामाच परत आला.

ताटली चुलीपाशी ठेवून तिनं विचारलं, "अवं, तुमच्या पाटाला आवाज कवा येतो?"

"म्हंजी?"

"समदा भरून वाहतो तवा, का कुटं गाळ धरून चिंचोळा झाला म्हंजी?"

तो म्हणाला, "पाट आन पाय एकच असतोय व्हय?" पण म्हणताना त्यानं तळवा मांडीवर दाबून धरला होता.

"मला ठावं न्हाई. म्हनून तर इचारते. म्या एकदा चुकले, आता बी चुकत आसंन. तुमीच सांगा, बेस्तरवारी एस्टीत बसायचं का न्हाई?"

सावळारामनं खुंटीवरचं मुंडासं काढलं, डोक्याला गुंडाळलं आणि उंबऱ्याबाहेर पडला. ठकुबाई दारात आली. पाटाकडच्या उतारावर त्याचं उजवं पाऊल जरा जपून पडत होतं, का उतारच तसा होता, हे तिला ठरवता येईना. वळणावर तो बाभळीआड झाला.