मागच्या दारी उलटलेली ओटी

"सोड ती गाठ," मॅडम म्हणाल्या.

दिवसपाळी संपली होती. दवाखान्याच्या मागच्या दारात आम्ही सगळ्या नर्सा रांगेत उभ्या. पिशवी उघडायची, जेवणाचा डबा उघडायचा, एप्रनचे खिसे उलटे करून दाखवायचे. मगच बाहेर. ही रोजची झडती. मॅडम म्हणजे डॉक्टरसाहेबांची बायको. दवाखान्याचा कारभार त्याच बघायच्या. त्या दिवशी माझ्या कमरेला पदराची गाठ होती, आणि ती फुगलेली होती.

"ओटी आहे," मी म्हटलं.

"कोणाची?"

"माझी. बाळंतिणीच्या सासूनं भरली."

मॅडम हसल्या. "तुझी? तुझी ओटी कोण भरणार? सोड."

मी सोडली नाही. त्यांनीच पदर ओढला. गहू फरशीवर सांडले. नारळ गडगडत वॉचमनच्या स्टुलाखाली गेला. खणाची घडी मोडून त्यांनी तो झटकला. मग गव्हात चपलेचं टोक फिरवलं. आत इंजेक्शन लपवलंय का, ते बघायला. काही सापडलं नाही.

"जा आता. मागे बाकीच्या थांबल्यात."

मी खाली बसून गहू गोळा केले. फिनेलचा वास लागलेले गहू. आमची सीनिअर सिस्टर, जिला आम्ही सगळ्या अक्का म्हणायचो, ती शेजारीच उभी होती. ती भिंतीकडे बघत होती. तिचा राग मला अजून येतो.

ही गोष्ट जळगावातली, नव्वदच्या आसपासची. दवाखाना खासगी होता. काचेच्या सिरिंजा उकळून वापरायचे ते दिवस. मी जामनेरकडच्या खेड्यातली. आमची आळी गावाच्या कडेला. आळीतली नर्सिंग शिकलेली पहिली पोरगी मी. आमच्या आळीतल्या बाईची ओटी गावातल्या बाईनं भरलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

ती सासू पारोळ्याकडची. शेतकरीण, हातात पाटल्या, आवाज खणखणीत. तिची सून अडली होती. डॉक्टरसाहेब पोचेपर्यंत मीच तिच्याजवळ होते. पोरगं रडलं तेव्हा म्हातारी दाराबाहेर मटकन बसली. घरी जायच्या दिवशी तिनं मला हाक मारली.

"आठे ये व पोरी. पदर पुढे कर. वटी भरस मी तुन्ही."

मी मागे सरकले. म्हटलं, "आजी, मी कुठल्या आळीतली ते तुम्हाला माहीत नाही." आणि सांगून टाकलं. नंतर कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

म्हातारी जरा थांबली. ते थांबणं मला दिसलं. मग म्हणाली, "बायतपन करतांना तू मन्हा सुनले जात इचारी व्हती का? कर पदर पुढे."

पांढऱ्या साडीच्या पदरात तिनं गहू घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. मी गाठ मारून ती कमरेला खोचली. ओटी रस्त्यात सोडायची नसते. घरी न्यायची, आपल्या माणसांत सोडायची. आमच्या घरी देव्हारा नव्हता, पण आई होती. तिच्या पुढ्यात ही गाठ सोडायची, एवढंच माझ्या मनात होतं.

ती गाठ मागच्या दारात सुटली.

घरी आईनं गहू चाळले, निवडले, आणि विचारलं, "यांना कसला वास येतोय?" मी सांगितलं, पिशवीत फिनेलची बाटली होती. आईनं माझ्याकडे बघितलं. मग गहू धुवायला घेतले.

त्या दिवसापासून मी दवाखान्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागले. आधी मी झडतीला नियम समजायचे. नियम सगळ्यांना असतात, म्हणायचे. मग लक्षात आलं की डॉक्टर पुढच्या दारानं जातात. औषधं विकायला येणारे, जाड बॅगा घेतलेले, तेही पुढच्या दारानं. हिशेबनीसही. बॅगा त्यांच्या मोठ्या, आणि चोर आम्ही? मागच्या दाराशेजारची खिडकी जनरल वॉर्डात उघडायची. पेशंटचे नातेवाईक तिथं उभे राहून आमची झडती बघायचे. मग एक दिवस एका बाईनं मी सुई टोचत असताना मनगट धरलं माझं.

"सिस्टर, औषध पुरं टाकलं ना? का ठेवलं थोडं?"

रोज संध्याकाळी ती मला खिसे उलटे करताना बघत होती.

आम्हीही एकमेकींकडे तसंच बघायला लागलो. कापूस कमी पडला की आधी शेजारणीकडे नजर. पूर्वी खिशात बँडेज ठेवायचो, ऐन वेळी हाताशी असावं म्हणून. तेही बंद केलं. रक्त वाहत असलं तरी कपाटाची किल्ली वरून यायची वाट बघायची. कामाच्या वेळेनंतर कोणी पाच मिनिटं जास्त थांबेना. थांबली तर विचारायचे, का थांबली? आमच्या आळीतल्या एका पोरीला नर्सिंगला जायचं होतं. तिची आई मला म्हणाली, "नको बाई. तिथं बायांचे पदर झाडतात म्हणे." आणि ते खोटं नव्हतं.

मग एके दिवशी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीवर बसवलं. कपबशीतून चहा दिला. आम्हा नर्सांना कपबशी कधी मिळायची नाही. मी त्या चहाकडे बघत राहिले. गोड बोलणं आलं की मला आधी पदर सावरावासा वाटतो.

"तुझ्यावर आमचा विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "तू आमच्या घरचीच. आजपासून मागच्या दारावर तू उभी राहायचं. झडती तू घ्यायची. पुढं अक्कांच्या जागी तूच."

मीच का? केबिनमधून बाहेर येईपर्यंत उत्तर सापडलं. माझ्या आळीतल्या बाईनं बाकीच्यांच्या पदराला हात घातला की त्या मॅडमवर चिडणार नाहीत. माझ्यावर चिडतील. मॅडमचे हात स्वच्छ. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो दांडा मी व्हायचं होतं.

चहा तसाच राहिला. पण नकार माझ्या तोंडून तेव्हा निघाला नाही. घरी आई होती, माझ्या पगारावर चूल होती.

संध्याकाळी मी दारात उभी राहिले. रांगेत पहिली सावद्याची पोरगी. केळीच्या बागायतदाराच्या घरची, नुकतीच लागलेली, बोलायला लाजणारी. माझ्यापुढं आली. मी काही म्हणायच्या आत तिनं पिशवी उघडली, डबा उघडला, खिसे उलटे केले. मग मान खाली घालून स्वतःच पदर झटकून दाखवला. माझ्यासारखा तिचा पदर कोणी ओढू नये म्हणून. तिला कोणी शिकवलं हे? माझी ओटी सांडली त्या दिवशी रांगेत माझ्या मागे तीच उभी होती. माझ्याकडे बघूनच शिकली होती ती.

मी तिचा पदर धरला आणि तिच्या खांद्यावर नीट टाकला.

"डबा बंद कर," म्हटलं. "चल."

मी मागच्या दाराकडे पाठ केली आणि वॉर्डातून पुढं चालू लागले. पेशंट बघत होते. ती पोरगी आली. आणखी काही जणी आल्या. अक्का आली नाही. पुढच्या दालनात मॅडम बसल्या होत्या.

"कुठं निघालीस?"

"ड्यूटी संपली. घरी."

"आणि झडती?"

"या दारानं जाणाऱ्यांची घेत नाहीत ना."

"मागं फिर," त्या म्हणाल्या. दालनात बसलेल्या लोकांकडे त्यांचं लक्ष होतं, म्हणून आवाज खाली होता. "फिरलीस तर मी विसरून जाईन."

मी पुढचं दार ढकललं आणि पायऱ्या उतरले.

दुसऱ्या दिवशी मला आत घेतलं नाही. गावभर झालं, चोरी सापडली म्हणून काढली. मॅडमनी तसं कुठं म्हटलं असेल असं मला वाटत नाही. नुसत्या गप्प राहिल्या असतील. तेवढं पुरतं. जळगावात मला कोणी दारात उभं केलं नाही. सावद्याच्या पोरीला तिच्या भावानं घरी नेलं, लग्न लावून दिलं. चांगले हात होते तिचे. बाकीच्या काही दिवसांत पुन्हा मागच्या दारानं जाऊ लागल्या. मॅडम हरल्या असं मी कोणाला सांगत नाही, कारण त्या हरल्या नाहीत.

मी धुळ्याला गेले. तिथल्या एका दवाखान्याचे मालक मोठे अदबशीर. बसा म्हणाले. अनुभव विचारला. शेवटी म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"हो," मी म्हटलं. "डॉक्टर कुठल्या दारानं घरी जातात? आणि नर्सा कुठल्या?"

त्यांचा चेहरा बदलला. कळवतो म्हणाले. कळवलं नाही. आई घरी डब्यात हात घालून पीठ बघत होती, तरी मी पुढच्या दवाखान्यातही तेच विचारलं. जिथं सरळ उत्तर मिळालं, तिथंच हातात सुई घेतली. अजूनही कोणी चहाची कपबशी पुढं सरकवली, घरचीच म्हणालं, की मी आधी दारं बघून घेते. माझ्या पदराची गाठ मीच सोडीन, माझ्या माणसांत. दुसऱ्या कोणाचा हात पुढं आला तर आता तो हात मी धरीन.