बिरुदेव दुरांता कातरतो

बिरुदेव स्वस्थ बसणारा माणूस नव्हे. मंद्रूपला होता तोवर मेंढरांनी त्याला बसू दिलं नाही, आणि मेंढरं विकून शहरात मुलाकडे शुक्रवार पेठेत राहायला आल्यावर त्याचे हातच त्याला बसू देईनात. कातर तेवढी त्याने विकली नव्हती. लोकर कातरण्यात आपला हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, असं तो स्वतःच सांगायचा, आणि ते खरंही होतं.

त्याच्या बायकोला, म्हाळसाबाईला, काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंब घालून टिकेल तेवढी टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच दिवशी दवाखान्याच्या फाटकापाशी तिने एक झुडूप पाहिलं. वाकलेल्या फांद्यांना बारक्या मण्यांचे पिवळेजर्द घोस लोंबत होते. ती तिथून हलेना.

"आपल्या दारात असलं झाड पायजे," ती म्हणाली. "दिसतंय तंवर बगून घीन."

बिरुदेवाने वॉचमनला विचारून दोन फांद्या आणल्या. सून प्रियंकाने मोबाइलवर नाव शोधलं, दुरांता. मणी शोभेचे आहेत, तोंडात घालायचे नाहीत, हेही तिने बजावलं. रंगाच्या रिकाम्या बादलीला तळाशी भोकं पाडली, माती नि लेंडीखत घातलं, आणि गच्चीवर फांदीने जीव धरला.

इथवर सगळं ठीक होतं. पण झुडूप वाढलं, फांद्या इकडेतिकडे लोंबायला लागल्या, आणि बिरुदेवाचे हात शिवशिवले. लोकर वाढलेलं मेंढरू नि हे झुडूप त्याला सारखंच दिसलं. कातर निघाली. झाड असं गोल गरगरीत झालं की शेजारपाजारचे बघायला आले.

"मामा, थोडं वाढू द्या की. शेंड्यालाच फुलं येतात म्हणे," प्रियंका एकदा दबकत म्हणाली.

"आगं, कातरलं की दाट येतंय. जलम गेला माझा ह्यात," तो हसला. पुन्हा सांगायची तिची छाती झाली नाही.

आणि दाट आलंच! पानांनी खच्चून भरलं. मणी मात्र एक नाही. म्हाळसाबाई रोज वर येऊन बघायची. आधी नुसती उभी राहून, मग जवळ वाकून, मग मान तिरकी करून. तिची घाई कळत होती म्हणून तर हा भला माणूस आणखी मन लावून कातरत होता. कोवळे शेंडे खाली पडत होते आणि तो ते झाडून टाकत होता. त्यांत कळ्या आहेत, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

यंदा जिन्यावर पाय घसरला आणि त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. फांद्या मोकाट सुटल्या, वाकल्या, जांभळी फुलं आली, पाठोपाठ मणी धरले. एका सकाळी बिरुदेव वर गेला नि बादलीपाशी बसला. प्रियंकाचं बोलणं त्याला तेव्हा आठवलं. म्हाळसाबाईला जे बघायचं होतं, तेच इतके दिवस आपण तोडत आलो, हे त्याला लख्ख कळलं. त्या हाताचा त्याला असा राग आला की तो मोडला हेच बरं झालं, असं वाटलं.

म्हाळसाबाईला आता उजेड नि अंधार एवढंच कळत होतं. थेंबांनी कधीतरी डोळ्यांवरचा पडदा हटेल, ही आशा मात्र तिने सोडली नव्हती. तो तिला धरून वर घेऊन आला. तिने घोस चाचपले, एकेक मणी बोटांत फिरवला, आणि तिचा चेहरा फुलला.

"आलं व्हय! पिवळं झालंय का वो?"

समोर पिवळेधमक घोस लोंबत होते. बिरुदेवाच्या तोंडून खरं निघेना.

"न्हाय अजून. हिरवंच हाय."

"मग माझं कायबी हुकलं न्हाय," ती म्हणाली. "थेंब तर रोज घालतेच की मी. पिकलं की हाक मारा, बगाया येते."