कोपनहेगनच्या अंगणातली बाबागाडी

केतकी शिकायला कोपनहेगनला निघाली त्या दिवशी मस्कतच्या विमानतळावर मी तिच्या बॅगा तिसऱ्यांदा उचलून बघत होतो. माझी बायको शुभा तिला भाजणीचा पुडा कुठल्या बॅगेत आहे ते पुन्हा पुन्हा सांगत होती. मी रुसैलच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. एकुलती एक मुलगी परमुलखात चाललीय, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "होस्टेलवर पोचलीस की आधी फायर एक्झिट कुठे आहे ते बघ." ती हसली आणि आत गेली. मागे वळून बघितलं नाही. मीसुद्धा ठाण्याहून निघताना आईकडे वळून बघितलं नव्हतं, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार?

त्याला आठ वर्षं झाली. केतकी तिथेच नोकरीला लागली, तिथेच संसार थाटला. आम्ही मस्कतला अल खौदच्या त्याच फ्लॅटमध्ये राहिलो. ओमानमध्ये सव्वीस वर्षं काढली, पण दर दोन-तीन वर्षांनी व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत जीव टांगणीला. आमचा अर्बाब, म्हणजे मालक, भला माणूस, तरी यंदा त्याने केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, जूनअखेर नोकरी खलास. वय झालं. त्याच आठवड्यात केतकीचा फोन आला की तिला दिवस गेलेत, ऑगस्टची तारीख आहे.

शुभा आनंदाने रडली आणि मग नुसतीच रडली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि माहेर तर जूनमध्ये बंद होणार. आमच्या बदलापूरच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू, आणि तिथे केतकीने कधी चार रात्रीसुद्धा काढल्या नव्हत्या. शेवटी केतकीनेच तोड काढली. "तुम्हीच या ना इकडे. एप्रिलमध्ये एकदा राहून बघा, मग ऑगस्टचं ठरवू." राहून बघा म्हणाली तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही परीक्षा आहे.

निघायच्या आधी तिने भलामोठा मेसेज पाठवला. इंग्रजीतच, कारण मराठी लिहिताना ती अजून अडखळते. टूरिस्टसारखं फिरायचं नाही, मी तुम्हाला लोकलसारखं शहर दाखवते, असं वर लिहिलेलं. मस्कतमध्ये लोकल म्हणजे ओमानी माणूस. सव्वीस वर्षांत मी तो शब्द स्वतःला कधी लावला नाही. आणि माझी पोरगी आठ वर्षांत बिनधास्त लावून मोकळी झाली होती. मला अभिमान वाटला आणि वाईटही. खाली सूचना होत्या. सायकलच्या पट्ट्यात उभं राहायचं नाही. रस्ता रिकामा असला तरी हिरवा दिवा लागल्याशिवाय ओलांडायचा नाही. दारातच बूट काढायचे. कुणाकडे न कळवता जायचं नाही. हे सगळं वाचून मी म्हटलं, हे तर माझंच शहर आहे, एवढ्या शिस्तीसाठी मी रुसैलला घसा कोरडा केला.

पहिले चार दिवस बरे गेले. केतकी पोट सांभाळत हळूहळू चालायची आणि एकेक गोष्ट दाखवायची. शहराच्या ऐन मध्यात समुद्राचं पाणी आणि त्यात त्या थंडीत उड्या मारणारी माणसं. बेकरीत नंबर काढून शांतपणे थांबलेली माणसं. एका दुपारी ऊन पडलं तर सगळे बाकांवर, पायऱ्यांवर सूर्याकडे तोंड करून डोळे मिटून बसलेले. "बाबा, ही इथली लग्झरी. बस ना." मी मात्र सवयीने झाडाखाली सावलीत जाऊन उभा होतो. ती म्हणाली, "तू ना, मस्कत बरोबर घेऊन फिरतोस." प्रेमानेच म्हणाली होती.

पाचव्या दिवशी ती ऑफिसला गेली होती, जावई कामासाठी दुसऱ्या गावी, शुभा आंघोळीला. मी खिडकीत उभा. खाली चारी इमारतींच्या मधे सगळ्यांचं मिळून एक अंगण आहे. तिथे एक बाबागाडी उभी होती. बारीक पाऊस, त्यात बर्फाचे कण. जवळ चिटपाखरू नाही. मी घड्याळ लावून दहा मिनिटं बघितलं. मग छत्री घेऊन उतरलो. गाडीवरचं आच्छादन सारलं तर आत मूल! गाल लाल, नाकाला बोट लावलं तर गार.

हे वाचणाऱ्यांपैकी जे आखातात राहिलेत त्यांना सांगायला नको. आपल्याकडे 'बाहेर' या शब्दालाच आपण घाबरतो. उन्हाळ्यात दुपारी बाहेरचं काम बंद ठेवायला मी माणसांशी भांडलोय. दुकानातून पाव आणायला आत जाणारा माणूस मुलाला गाडीत ठेवून गेला म्हणून अल मवालेहच्या बाजारात मी एकदा भर पार्किंगमध्ये आरडाओरडा केला होता. धोका दिसला की वाट बघायची नाही, हे मी सव्वीस वर्षं शिकवलं. मी बाबागाडी ढकलत जिन्याखालच्या बंदिस्त जागेत नेली. मूल जागं झालं, रडायला लागलं. मी "उगी उगी, माझं बाळ ते" करत गाडी हलवत राहिलो.

त्या गाडीत बाळाचा आवाज घरात ऐकू जाईल असं यंत्र होतं. वर त्या बाईने काय ऐकलं असेल? मूल रडतंय आणि एक परका पुरुष न कळणाऱ्या भाषेत काहीतरी पुटपुटतोय. ती नुसत्या मोज्यांवर धावत अंगणात आली, गाडी जागेवर नाही, आणि ती जी किंचाळली ती किंकाळी मला अजून ऐकू येते. मी बाहेर येऊन "कोल्ड, व्हेरी कोल्ड" म्हणत होतो. तिने मूल उरापाशी धरलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला मान वर करवेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

केतकी ऑफिसमधून आली. त्यांच्या भाषेत ती शेजारणीशी भराभर बोलली. मला एक अक्षर कळलं नाही, फक्त कळलं की माझ्या मुलीला माझ्यासाठी माफी मागावी लागतेय. शेजारीण शेवटी शांतपणे मान हलवून निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, इथे सगळेच बाळांना बाहेर झोपवतात. थंडीत पण. दे स्लीप बेटर." केतकी थकून खुर्चीत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझं बाळ पण बाहेर झोपणार आहे. तुला बघवेल?"

हो म्हणायला काय जात होतं? पण तिच्याशी आजवर खोटं बोललो नव्हतो. "नाही सांगता येत," म्हटलं.

मस्कतला परत आल्यावर आठवड्याने तिचा फोन आला. "ऑगस्टला आईला येऊ दे. तू जरा नंतर ये ना बाबा, बाळ मोठं झाल्यावर. रागावलास?" मी "छे गं" म्हटलं. रागावलो नव्हतोच. लागलं होतं. शुभा हट्टाला पेटली, दोघं जाऊ नाहीतर कुणीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यावर आवाज चढवला. पोरीला माहेर देता आलं नाही, निदान आई तरी मिळू दे. शुभाचं तिकीट मी स्वतः काढलं. माझं मुंबईचं.

आता रोज थोडी थोडी आवराआवर चालते. इतकी वर्षं मला वाटायचं, घर मागे ठाण्याला राहिलंय आणि कधीतरी आपण तिथे परतू. ते पुढे कधी निघून गेलं ते कळलंच नाही. आता घर म्हणजे ते थंड अंगण आणि त्यात निजणारं एक पोर, ज्याच्याजवळ मला बोलावतील तेव्हाच जायचं आहे.

काल भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता शुभा थांबली. "अहो, केतकीने खरंच बाळाला पावसात बाहेर झोपवलं तर मी काय करू?"

"काही करू नकोस," मी म्हटलं. "खिडकीपाशी जाऊच नकोस."