टेबलाखालचं ताट

काकूंनी आईच्या हातातलं मोदकांचं ताट घेतलं. गणपतीपुढे नैवेद्याची ताटं ओळीनं मांडली होती. आमचं तिथं ठेवलं नाही. टेबलाखाली सरकवलं. तिथं रिकामे खोके होते आणि लोकांच्या चपला.

"वाईट वाटून घेऊ नका हं, बिल्कुल नाही," काकू हसून म्हणाल्या. "वर सगळं सोवळ्यातलं आहे. आणि तुम्ही तर देव सोडलात ना? मग आता कशाला?"

आई नुसती पदर सारखा करत राहिली.

तेव्हा आम्ही दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. काकू म्हणजे तिथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींची बायको. मंडळाच्या गणपतीची वर्गणी बाबा दरवर्षी न कुरकुरता द्यायचे. परमुलखात आपलीच माणसं, म्हणायचे. आमच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर वर्गणी घेताना कुणालाच दिसायची नाही.

माझी ताई गुडगावला नोकरीला लागली होती. काचेच्या इमारती तेव्हा नुकत्याच उठत होत्या. घरी सोडणारी कंपनीची गाडी उलटली. ताईच्या मणक्याला मार बसला. ती चालेल याची खात्री नाही, असं डॉक्टर तिच्यासमोरच म्हणाले.

बाबा रोज तसबिरीपुढे बसून वंदना म्हणायचे. आईनं मात्र चोरून नवस बोलला. दीक्षा घेतलेल्या घरातली बाई, पण पोर अंथरुणाला खिळलेली पाहिली आणि लहानपणीचा देव आठवला. पोरगी उभी राहिली की तिला घेऊन येईन, एकवीस मोदक वाहीन.

ताई उभी राहिली. म्हणून आई सकाळपासून मोदक वळत बसली होती. बाबा ऑफिसात होते. ताई वॉकर टेकत, दर चार पावलांना थांबत मंडपापर्यंत आली होती. घामानं निथळत होती. कशासाठी? तर आमचं ताट चपलांशेजारी बघायला.

आरती सुरू झाली. काकूंनी ताईकडे बघून मान हलवली. "अच्छा, ही का ती? बेटा, तू बाहेरूनच दर्शन घे. गर्दी आहे."

गर्दी कसली! मंडप अर्धा रिकामा होता.

मी वाकलो, चपला बाजूला सारल्या आणि ताट बाहेर ओढलं. आई कुजबुजली, "राहू दे रे, नवस आहे." मी ऐकलं नाही. वरचं फडकं काढलं. ताईनं वॉकरवरचा एक हात सोडला, मोदक उचलला आणि देवाला न दाखवता तिथंच तोंडात टाकला.

टाळ थांबले. "शिव शिव!" कुणीतरी म्हणालं. आईला अपमानापेक्षा नवस मोडल्याचीच भीती जास्त वाटत होती, आणि त्याचा मला फार राग आला.

संध्याकाळी बाबांना कळलं. ते आईला एवढंच म्हणाले, "गेलीसच का?"

आई उसळली. "पोरगी निपचित पडली होती, तेव्हा तुमचे बुद्ध गप्प होते. मी कुणाला हाक मारायची?"

ताई कॉटवरून म्हणाली, "मला कुणी उठवलं नाही. हॉस्पिटलातली ती केरळची सिस्टर रोज पाय वाकवायची आणि मी बोंबलायचे. तेव्हा कुठे पाय हलला."

त्या दिवसापासून आईनं कुठंच हात जोडले नाहीत. बाबांची वंदनाही हळूहळू बंद पडली. घर शांत झालं. चांगलं नव्हतं ते शांत होणं.

पुढच्या भाद्रपदात काकू पावतीपुस्तक घेऊन दारात. तेवढ्यात ताई आतून आली. वॉकर नव्हता. भिंतीला हात लावत, लंगडत, पण आपल्या पायांनी.

"अरे वा! चालायला लागली!" काकूंनी हात जोडले. "बघा, बाप्पाची कृपा."

बाबांचा हात खिशाकडे गेला. सवयीनं. मी तो धरला.

"कृपा नाही," मी म्हणालो. "आणि वर्गणीही नाही."

काकूंचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. दार आईनं लावलं.

ताई अजून लंगडते. ती कशी बरी झाली, असं लोक विचारतात आणि उत्तराआधीच वर बघतात. मी त्यांना खाली बघायला लावतो, तिच्या पायांकडे. हे पाय तिनं ओरडून ओरडून मिळवलेत. त्यांचं श्रेय मी कुणालाही घेऊ देणार नाही, आणि आमचं ताट पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही.